दुसरा अंतरा

दिवाळी अंक उघडला की त्यात गाण्यावर एक तरी लेख असायचाच, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. कुणी बालगंधर्वांच्या नाट्यपदांवर लिहितो, कुणी 1953 पासून पुण्यात भरत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवातल्या एखाद्या पहाटेच्या तोडीवर, तर कुणी भावगीताला लागलेल्या ओहोटीबद्दल हळहळतो. फराळाच्या ताटात चकली असावी तसा हा लेख. मलाही तो लिहिता येतो आणि पुष्कळ वर्षे मी तो लिहिला आहे. परंतु यंदा ज्या गाण्याविषयी लिहायचे आहे त्याला ना महोत्सव, ना आश्रयदाते, ना समीक्षक. मुंबईच्या उपनगरांत ते रात्रीमागून रात्री गायले जाते, त्याला श्रोते आहेत, ते पदरचे पैसे मोजतात, आणि तरीही त्यावर चार ओळींचा टीकालेख आजवर माझ्या वाचनात आलेला नाही. बातम्या येतात, पण त्या धाडींच्या. गाणाऱ्या बाई सुरात होत्या की नव्हत्या, हे पंचनाम्यात लिहीत नाहीत.

मी 'ऑर्केस्ट्रा बार'मधल्या गाण्याबद्दल बोलतो आहे. संपादकांच्या कपाळावर आठी पडली असेल तर त्यांनी ती क्षणभर तशीच ठेवावी. हा अंक घरातली सारी माणसे वाचतात याची मला जाणीव आहे, आणि त्यांच्यापासून लपवावे असे त्या रात्री मी काही पाहिले नाही. गाणे ऐकले. गाण्याविषयीच लिहिणार आहे.

हे श्रेय माझ्या भाच्याचे. तो मुलुंडला राहतो आणि चार-सहा हॉटेलवाल्यांचे हिशेब तपासतो. एकदा जेवताना तो म्हणाला, "मामा, तुम्ही इतकी वर्षं गाण्यावर लिहिता, पण जिथं माणसं दिवसभराचा शीण घालवायला गाणं ऐकतात, तिथं कधी गेलाय का?" मी म्हटले, "नेत असशील तर येतो." आमच्या सौ.नी वाटीत आमटी वाढता वाढता एवढेच विचारले, की परतायला शेवटची गाडी मिळेल ना.

मुलुंड मुंबईच्या हद्दीत आले 1957 साली. अंधेरी आणि घाटकोपर त्याआधी, 1950 मध्ये. ही गावे मुंबईत आली खरी, पण त्यांच्या अंगातले गावपण कागदावरच्या हद्दीने गेले नाही. स्टेशन, स्टेशनबाहेरचा बाजार, देवळे, एक नाट्यगृह, आणि सगळ्यांना सगळ्यांचे माहीत. लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या बाजूला, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आम्ही गेलो तेव्हा भाच्याला तिथे त्याचे दातांचे डॉक्टर दिसले. दोघांनीही एकमेकांना न पाहिल्यासारखे केले. हॉटेलचे नाव मी लिहीत नाही. बाहेर पाटी होती 'परमिट रूम'. 1949 च्या दारूबंदी कायद्याची ही खूण. दारू वाहते आहे आणि कायदाही आहे, पिणाऱ्याजवळ परवाना असावा अशी अपेक्षाही आहे. आपल्या राज्याइतका सोशिक कायदा दुसरीकडे क्वचितच असेल.

आत थंडगार हवा, मंद निळसर उजेड, टेबलांवर चणे, शेंगदाणे, भाजलेले पापड. मी लिंबू-सोडा मागवला तेव्हा वेटरने मला डॉक्टरांनी बंदी केलेला मनुष्य समजून सहानुभूतीने पाहिले. समोर हातभर उंचीचा मंच, त्यापुढे कमरेइतका कठडा. मंचावर कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलक आणि गिटार वाजवणारे चौघे. मागे ओळीने खुर्च्या, त्यांवर तीन गायिका आणि एक गायक. पाळी आली की उठायचे, गायचे, पुन्हा जाऊन बसायचे. शाळेतल्या तोंडी परीक्षेला मुले बसतात तसे ते दिसत होते.

मोजून आठ. हा आकडा योगायोगाचा नाही. आपल्या राज्यात अशा जागांना जो परवाना मिळे, त्यात मंचावर आठच कलावंत असावेत, आणि त्यांतही चार पुरुष व चार स्त्रिया, अशी अट घातली जात असे. 18 फेब्रुवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यातली स्त्री-पुरुषांची वाटणी रद्द केली. आठांची मर्यादा राहिली. त्या आठांत कोण किती असावे हे ज्याचे त्याने ठरवावे. स्त्रियांच्या रक्षणाच्या नावाखाली त्यांची नोकरीच मोजून द्यायची, ही रीत न्यायमूर्तींना पटली नाही, हे ठीकच झाले. माझे दुखणे निराळे आहे. संगीताच्या इतिहासात मेळ किती जणांचा असावा हे कधी रागाने ठरवले, कधी दिवाणखान्याच्या लांबीरुंदीने, कधी मालकाच्या खिशाने. परवाना देणाऱ्या कचेरीने ते ठरवल्याचे उदाहरण मला तरी दुसरे आठवत नाही. शंकर-जयकिशन यांनी डझनावारी व्हायोलिने बसवून जे गाणे बांधले, ते इथे चौघांनी वाजवायचे, आणि त्या चौघांना म्हणायचे 'ऑर्केस्ट्रा'! मग व्हायोलिने कुठून येणार? ती कीबोर्डाच्या पेटीतून येतात. सगळी एका वेळी सुरू होतात आणि एका वेळी थांबतात. कुणाचाही गज मागे राहत नाही. इतकी शिस्त ऐकली की मला भीती वाटते.

आता गाण्याकडे वळू. पहिल्या बाई चाळिशीच्या असाव्यात. जांभळी साडी, हातात घड्याळ, चेहऱ्यावर संध्याकाळच्या शिफ्टला आलेल्या परिचारिकेची शांतता. आवाज खालच्या अंगाला भरदार. मध्य सप्तकातल्या पंचमापर्यंत तो निर्धास्त जातो. त्यापुढे मात्र त्या तो बारीक करतात, आणि तिथे लता मंगेशकरांची सावली पडते. ही सावली उसनी आहे. मूळचा आवाज तसा नाही. त्यांचे खालचे स्वर ऐकले की वाटते, या बाईंना कुणीतरी पंधरा वर्षांपूर्वी सांगायला हवे होते की तुमची पट्टी दोन स्वर खाली आहे आणि तिथेच तुम्ही मालकीण आहात. कीबोर्डवाला हुशार, तो पट्टी खाली घेतो. परंतु बाईंच्या मनातली पट्टी रेकॉर्डचीच राहते.

गायक किशोरकुमार गातो. 'किशोरकुमारची गाणी गातो' असे मी मुद्दामच म्हटले नाही. श्वास, हुंदका, मध्येच येणारे हसू, सारे हुबेहूब. पण किशोरकुमार ते हसला तेव्हा त्याला हसू आले होते. टेबलांवरून शाबासकी मात्र यालाच सर्वांत जास्त. ऑक्टोपॅडवाल्याबद्दल कमीत कमी लिहितो: त्याच्या हाताखाली आठ चौकोन आहेत आणि ते सगळे वापरलेच पाहिजेत, अशी त्याची समजूत दिसली.

पहिल्या अर्ध्या तासात मी गाणी मोजली. तेरा झाली. आकडा पाहून मी चमकलो. जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सव्वातीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्या अरुंद जागेत आपल्या संगीतकारांनी मुखडा, दोन-दोन अंतरे आणि मधले वाद्यमेळाचे तुकडे बसवले; पोस्टकार्डावर खुशाली, हिशेब आणि लग्नपत्रिका बसवावी तसे. इथे त्या साडेतीन मिनिटांचीही काटछाट चालली होती. मुखडा, एक अंतरा, पुन्हा मुखडा, आणि लगेच पुढचे गाणे. दुसरा अंतरा कुणीही म्हणत नव्हते. बाईही नाहीत, गायकही नाही. तिसरी तरुण मुलगी अलीकडची गाणी मोबाइलच्या पडद्याकडे पाहत गात होती. त्यांतल्या पुष्कळ गाण्यांना दुसरा अंतरा मुळातच नसतो, तेव्हा ती सुटली.

कारण समजायला वेळ लागला नाही. टेबलावरून चिठ्ठी जाते, चिठ्ठीबरोबर नोट. वेटर ती मंचावर नेतो, मालकाचा माणूस पाहतो, आणि चिठ्ठीतले गाणे सुरू होते. गाणे जितके लवकर संपेल तितकी पुढची चिठ्ठी लवकर. ते पैसे पुढे कसे वाटले जातात हे भाच्याला ठाऊक असावे. तो पापड मोडण्यात गुंतला होता. पण एवढे उघड आहे की दुसरा अंतरा गायला तर एक नोट बुडते. संगीताच्या रचनेवर अर्थशास्त्राचा इतका नेमका परिणाम मी दुसरीकडे पाहिला नाही.

इथे कुणी म्हणेल, चिठ्ठी आणि नोट आली म्हणजे गाणे बिघडणारच. मला हे मान्य नाही. आपल्या संगीतबारीत काय होते? तिथेही पैसे देऊनच ऐकणे. परंतु बैठकीच्या लावणीत रसिक पैसे देई तो त्याच ओळीवर थांबण्यासाठी. बाई बसल्या जागी एकच ओळ दहा वेळा म्हणायच्या आणि दहाही वेळा तिचा अर्थ निराळा करायच्या. एकदा रुसवा, एकदा थट्टा, एकदा नुसती मान वळवून न बोललेले. यमुनाबाई वाईकरांची सारी कीर्ती या अदेवर उभी होती. सरकारला ती दिसायला आणि 'पद्मश्री' द्यायला 2012 साल उजाडावे लागले. संगीत नाटकातला 'वन्स मोअर' तरी दुसरे काय होता? तिथेही श्रोत्याच्या मागणीने गाणे लांबले, नाटक पहाटेपर्यंत गेले. म्हणजे पैसा आणि मागणी या दोहोंनी गाणे लांबवताही येते. उपनगरातल्या या मंचावर त्यांनी ते आखूड केले आहे. दोष पैशाचा नसून ऐकणाराला काय हवे आहे याचा आहे. त्याला गाणे नको आहे, गाण्याची आठवण हवी आहे. आणि आठवण यायला मुखडा पुरतो.

ही आठवणही मोठी गमतीची आहे. जमलेल्या मंडळींच्या मनात 'क्लबातले गाणे' म्हणून जे चित्र असते ते हिंदी चित्रपटातले. 'हावडा ब्रिज' (1958) मध्ये ओ. पी. नय्यर यांच्या चालीवर हेलन नाचते आणि मागून गीता दत्त गातात. 'कारवाँ' (1971) मध्ये राहुलदेव बर्मन आणि आशा भोसले. तसे क्लब प्रत्यक्षात पाहिलेली माणसे उपनगरांत किती असणार? तरीही ते सर्वांच्या ओळखीचे आहेत. का? कारण त्या काळातले अनेक क्लब प्लायवुडचे होते. अंधेरीच्या मोहन स्टुडिओत 'मुघल-ए-आझम'चा शीशमहाल उभा राहिला, तसे इतर चित्रपटांचे दिवाणखाने, हॉटेले आणि नाचघरे अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओंतून उभी राहत आणि मोडली जात. उपनगरांनी आधी खोटा क्लब बांधला, तो देशभर दाखवला, आणि आता उपनगरातलाच माणूस निळ्या दिव्याखाली बसून त्या खोट्या क्लबची आठवण काढतो आहे.

खोट्या क्लबात वाजवणारे मात्र खरे होते, हे विसरू नये. गोव्याहून आलेले वादक रात्री हॉटेलांत जॅझ वाजवीत आणि दिवसा स्टुडिओत चित्रपटाचे गाणे. ताजमहाल हॉटेलात वाजवणारे चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त (1951) आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसले. त्यांच्या ट्रम्पेटमध्ये हॉटेलातला घाम आहे. रेकॉर्डमधला तो घाम कीबोर्डाच्या पेटीत येत नाही. नुसता आवाज येतो. मुलुंडच्या मंचावरच्या गिटारवाल्याला मी ध्यानपूर्वक ऐकले. बोटे चांगली होती. दोनदा त्याने मधल्या तुकड्यात स्वतःचे काही घालायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा पेटीतल्या व्हायोलिनांनी त्याला बुडवले.

अंधेरीला लिंक रोडच्या बाजूला निराळ्या जातीचे पब आहेत. तिथली तरुण मंडळी स्वतः रचलेली गाणी गातात, तीही बहुधा इंग्रजीत, आणि चिठ्ठ्या घेत नाहीत. भाच्याच्या मुलीच्या आग्रहाने मी तिथेही एक संध्याकाळ काढली. गाणारी मुले मनापासून गात होती. ऐकणारी मुले मनापासून बोलत होती. तिथे गाणे पूर्ण होते, ऐकणारा अर्धा असतो. अधिक लिहिण्याइतका मी त्या संगीतात मुरलेलो नाही.

मुलुंडच्या त्या रात्रीकडे परत येतो. जांभळ्या साडीतल्या बाईंनी 'अनपढ' (1962) मधल्या मदनमोहन यांच्या दोन गझलांपैकी एक म्हटली. राजा मेहदी अली खान यांचे शब्द. मुखडा झाला, एक अंतरा झाला, पुन्हा मुखडा, आणि ऑक्टोपॅडवाल्याने पुढच्या गाण्याची ललकारी दिली. गझलेत एकच शेर म्हणून उठणे म्हणजे पाहुण्याने उंबऱ्यावरूनच नमस्कार करून परत फिरणे. मला राहवले नाही. भाच्याकडून पेन घेतले आणि कागदाच्या रुमालावर लिहिले: "हीच गझल, दुसरा अंतरा." सोबत दोनशे रुपयांची नोट. उभ्या आयुष्यातली माझी ही पहिली दौलतजादा. ती रीतसर वेटरच्या हाती दिली, उधळली नाही. 17 जानेवारी 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बक्षिसी देण्यास हरकत नाही, नोटा उधळण्यास आहे, असा भेद केलेला आहे. तो नाचाच्या जागांपुरता आहे, पण सभ्यपणा म्हणून मी तो पाळला.

बाईंनी चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली, आणि माइकवर मराठीत विचारले, "साहेब, तेच परत म्हणू?" मी मान हलवली. त्या कीबोर्डवाल्याकडे वळून काही बोलल्या. त्याने खांदे उडवले. त्याच्या पेटीत बहुधा तेवढेच भरलेले होते. मग त्याने हात उचलला आणि तालही बंद झाला. ढोलकवाल्याने ठेका धरला, गिटारवाल्याने षड्ज-पंचम दिला, आणि बाई गाऊ लागल्या.

अद्भुत काही घडले असे मी म्हणणार नाही. तिसऱ्या ओळीत त्या शब्द चुकल्या आणि 'ला ला' करून सावरल्या. पण एक गोष्ट घडली, आणि माझ्या लेखी ती महत्त्वाची आहे. या अंतऱ्याचा सराव सुटलेला होता, त्यामुळे त्यातली लताबाईंची लकब त्यांच्या गळ्यावर चढलेली नव्हती. त्यांना तो स्वतःच गावा लागला. वरच्या षड्जाकडे जाताना आवाज बारीक झाला नाही. तो तसाच जाड, थोडा खरखरीत, वर चढला, आणि किंचित खाली लागला. तो कमी पडलेला स्वर त्या रात्रीच्या साऱ्या बरोबर स्वरांपेक्षा मला अधिक गायकाचा वाटला. शेराच्या शेवटच्या शब्दावर त्या थांबल्या. ढोलकही थांबला. दातांचे डॉक्टर पहिल्यांदाच मान वर करून मंचाकडे पाहत होते.

कोपऱ्यातल्या टेबलावरच्या तरुणांनी तेवढ्यात चिठ्ठी आणि नोट दोन्ही हवेत धरून वेटरला हाक मारली. त्यांचेही चूक नाही. ते आपले पैसे घेऊन आपल्या आठवणी मागायला आले होते.

आता या गाण्याविषयी कुणी लिहीत का नाही, हा प्रश्न उरतो. मुलुंडलाच महाकवी कालिदास नाट्यमंदिर आहे. अशा नाट्यगृहांतून 'सुवर्णकाळातील गाणी' म्हणून जे कार्यक्रम मी ऐकले, त्यांतली गाणी हीच होती, पेटीतली व्हायोलिने हीच होती, लकबही बहुतेक हीच. फरक इतकाच की तिथे निवेदक असतो, मध्यंतरात बटाटेवडा असतो, आणि दुसऱ्या दिवशी कुठेतरी दोन परिच्छेद छापून येतात. तिथल्या गायिकेचे नाव जाहिरातीत येते. इथल्या गायिकेचे नाव मी भाच्याला विचारले तर तो म्हणाला, "मामा, इथं नाव कुणी विचारत नाही." 2005 साली राज्यात डान्स बार बंद झाले, पुढे चौदा वर्षे न्यायालयांतून वाद गाजला, वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. त्यात नीतीची चर्चा झाली, रोजगाराची झाली. या सगळ्यात मंचावर कुणी गात असेल आणि ते बरे किंवा वाईट गात असेल, हा विचार दोन्ही पक्षांना शिवला नाही. स्वातंत्र्यानंतर लवकरच तमाशावर बंदी आली तेव्हाही थोडेबहुत असेच झाले होते. बाई मंचावर उभी राहिली की तिला वाचवायचे की हाकलायचे एवढेच आपल्याला सुचते.

टीका हाही एक मान आहे. गायकाचा षड्ज कमी लागला असे छापून येते तेव्हा गायक रागावतो, पण आपला षड्ज कुणीतरी ऐकला हे त्याला कळते. म्हणून मी या बाईंविषयी जे लिहिले ते सारे मनापासून लिहिले आहे. त्यांनी लताबाईंची सावली सोडावी. पट्टी आणखी एक स्वर खाली घ्यावी. गझल म्हणताना ऑक्टोपॅडवाल्याला चहाला पाठवावे. मालकाने रोज निदान एका गाण्याला तरी पूर्ण वेळ द्यावा. त्यात बुडेल ती एक नोट त्याला जड जाऊ नये. गिटारवाल्याला माझे स्वतंत्र आशीर्वाद.

रात्री घरी पोचलो तेव्हा सौ. जाग्याच होत्या. तिथे कोण कोण होते, काय प्यायले, किती खर्च झाला, यातले काहीही त्यांनी विचारले नाही. "बाई गात होत्या का बऱ्या?" एवढेच म्हणाल्या. मी म्हटले, "दुसरा अंतरा चांगला म्हटला." त्या म्हणाल्या, "कुठल्या गाण्याचा?" आणि मी सांगताच त्यांनी तो अंतरा, तिसऱ्या ओळीसकट, अंधारात हलक्या आवाजात म्हणून दाखवला.